शॉर्ट स्केल बेस गिटार

शॉर्ट स्केल बेस गिटार हे नेहमीच्या बेस गिटारपेक्षा आखूड तारांचे, बहुधा चार तारांचे विद्युत तंतुवाद्य आहे. लहान हातांना ते सहज पेलते, म्हणून बेस शिकू पाहणाऱ्या मुलाचे पहिले वाद्य म्हणून ते सुचवले जाते. तंबोऱ्यात खर्जाची तार जे काम करते त्याच्याशी बेसचे वाद्यवृंदातील काम मिळतेजुळते आहे. मात्र येथे खर्ज स्थिर न राहता गाण्याबरोबर चालतो आणि तालाचे ओझेही उचलतो. हिंदी चित्रपटसंगीतात राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांचे बेसवादन प्रसिद्ध आहे.

इतिहास

लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेल्या प्रिसिजन बेसमध्ये तारेची मोकळी लांबी ३४ इंच (८६.४ सेंमी) होती व तेच प्रमाण माप ठरले. जर्मनीतील हॉफ्नर कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस मात्र सुमारे ३० इंचांचा होता. पॉल मॅकार्टनी यांनी १९६१मध्ये हॅम्बुर्ग येथे तो घेतला तो मुख्यतः किमतीमुळे. फेंडरला सुमारे १०० पौंड पडत, हॉफ्नर सुमारे ३० पौंडांत मिळाला. आखूड वाद्य म्हणजे कच्चे वाद्य हा समज दूर करण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे. (ते वाद्य १९७२मध्ये चोरीस गेले आणि सापडल्याचे २०२४मध्ये जाहीर झाले.)

मापाचे महत्त्व

३४ इंची बेसवर पहिल्या ते चौथ्या पडद्यापर्यंतचे अंतर सुमारे १३ सेंमी असते. ३० इंचीवर ते ११.४ सेंमी होते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या बोटांना हा दीड सेंटिमीटर फार मोठा असतो. शिवाय तीच तार त्याच स्वरात लावली तर आखूड वाद्यावर तिचा ताण सुमारे २२ टक्के कमी राहतो, त्यामुळे ती दाबण्यास कमी जोर लागतो. मोबदल्यात सर्वांत जाड 'ई' तारेचा (सुमारे ४१ हर्ट्झ) नाद थोडा सैल, घुमल्यासारखा येतो. शिकण्याच्या वयात ही उणीव नगण्य मानावी. इबानेझ कंपनीचा 'मायक्रो' हा नमुना याहूनही आखूड, २८.६ इंची आहे. हाताची वीत मोठी झालेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलास थेट ३४ इंची वाद्य देण्यास हरकत नसते. 'मोठा झाल्यावर उपयोगी पडेल' म्हणून लहान मुलाला मोठे वाद्य घेणे ही शाळेचा गणवेश घेताना केली जाणारी काटकसर आहे. वाद्याच्या बाबतीत ती बहुधा महागात पडते, कारण मनगट दुखू लागले की मूल वाद्य खाली ठेवते.

खरेदीतील पारख

जळगाव-धुळ्याकडे लग्नाच्या वरातीतील बँड व बँजो पार्ट्यांत खर्जाचा भाग बहुधा कीबोर्डवरच वाजतो. वाद्यांच्या दुकानांत हार्मोनियम, तबला, ढोलकी आणि साधी गिटार प्रामुख्याने दिसतात. परिणामी बेस अनेकदा मुंबई-पुण्याहून आणावा लागतो किंवा न पाहता मागवावा लागतो. २०२०च्या दशकात नवशिक्यांचे बेस साधारण दहा ते पंधरा हजार रुपयांच्या आसपास मिळतात. त्यात ॲम्प्लिफायरचा खर्च धरलेला नसतो.

माप तपासण्यास शिंप्याची फीत पुरते. तारगहनापासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर दुप्पट केले की तारेची लांबी मिळते. ३० इंची वाद्यात ते १५ इंच भरले पाहिजे. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर वरच्या सप्तकात यावा. मोबाइलवरील ट्यूनरने हे कळते. न आल्यास दोष बहुधा घोडीच्या जुळणीत असतो व तो दुरुस्त होतो. मान पिळलेली असेल तर मात्र वाद्य कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून मध्यभागी पाहावे: पत्त्याच्या पानाएवढी फट योग्य, त्याहून बरीच मोठी असल्यास मानेतील लोखंडी सळई जाणकाराकडून पाव-पाव फेऱ्याने आवळून घ्यावी. वापरलेल्या वाद्यात खुंट्या, आवाजाची बटणे आणि वायर खोचण्याची जागा वाजवून पाहावी. खरखर किरकोळ दुरुस्तीने जाते. मूल डावखुरे असल्यास आधीच विचारणा करावी, कारण तशी स्वस्त वाद्ये कमी असतात.

ॲम्प्लिफायर दहा-पंधरा वॅटचा, हेडफोनची सोय असलेला पुरतो. घरातील टेप किंवा टीव्हीच्या स्पीकरला बेस जोडू नये. खर्जाच्या धक्क्याने त्यांचे पडदे फाटू शकतात.

खानदेशातील हवामान व निगा

जळगाव, भुसावळ भागात मे महिन्यात तापमान ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते. कोरड्या उन्हाळ्यात मानेचे लाकूड आकसते, धातूचे पडदे मात्र तेवढेच राहतात. त्यांची टोके बाहेर येऊन बोटांना ओरखडतात. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि तारांची उंची बदलते. म्हणून वाद्य पत्र्याच्या छताखाली, बंद मोटारीत किंवा कूलरच्या झोतासमोर ठेवत नाहीत. जुन्या धाब्याच्या घरातील आतली खोली यासाठी उत्तम. बाहेर आलेली टोके बारीक कानशीने घासता येतात. तार उतरवून ठेवण्याची गरज नसते. वाजवून झाल्यावर घाम कोरड्या फडक्याने पुसला तर एक जोड तारा नवशिक्यास वर्षभर सहज टिकतात.