मराठी फाइल उघडते, पण वाचता येत नाही!

जुन्या संगणकावर टंकलिखित केलेले आत्मचरित्र किंवा गृहनिर्माण संस्थेच्या सभांचे इतिवृत्त नव्या संगणकात उघडावे आणि मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन गुंता समोर यावा, हा अनुभव अनेक मराठी घरांनी आणि कार्यालयांनी घेतला आहे. व्हायरस शिरला असे समजून अशा फाइली पुसूनही टाकल्या जातात. वस्तुतः बहुतेक वेळा फाइल शाबूत असते. नेमके काय घडले, हे कळण्यासाठी मोजक्याच संज्ञांची ओळख पुरेशी आहे.

बिट, बाइट आणि एन्कोडिंग

संगणकाला अक्षर ठाऊक नसते. त्याला शून्य आणि एक एवढेच कळते. या प्रत्येक खुणेला बिट म्हणतात आणि आठ बिटचा एक बाइट होतो. एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळ्या संख्या मांडता येतात. कोणती संख्या म्हणजे कोणते अक्षर, याविषयीचा करार म्हणजे एन्कोडिंग. अमेरिकेत १९६३ मध्ये ठरलेल्या 'आस्की' या करारात १२८ जागा होत्या आणि त्यांत इंग्रजी अक्षरे, अंक व विरामचिन्हे बसवलेली होती.

फॉन्ट

फॉन्ट हा अक्षरांच्या चित्रांचा संच असतो. अक्षर कोणते, हे एन्कोडिंग सांगते; ते दिसावे कसे, हे फॉन्ट ठरवतो. जुन्या मराठी फॉन्टनी हा भेदच पुसून टाकला. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसवायच्या, एवढीच ती युक्ती होती. 'क्रुतीदेव' फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द दिसतो, तेव्हा फाइलमध्ये प्रत्यक्षात ई, जे, के, बी, एच ही पाच इंग्रजी अक्षरे असतात. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो आणि ती अक्षरे उघडी पडतात. त्यातच या फॉन्टांची मांडणी एकसारखी नव्हती. त्यामुळे छापखान्याकडे मजकुराबरोबर फॉन्टही फ्लॉपीवर घालून पाठवावा लागे.

भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय लिप्यांचे एन्कोडिंग प्रमाण म्हणून स्वीकारले आणि पुण्याच्या सी-डॅकच्या 'जिस्ट' तंत्रज्ञानात ते वापरले गेले. सर्वसामान्य वापरकर्ता मात्र फॉन्टच्या युक्तीवरच विसंबून राहिला.

युनिकोड

युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ मधलीच. जगातील प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एकच क्रमांक, हे तिचे सूत्र. देवनागरीसाठी १२८ जागांचा गट आहे. त्यात 'क'चा क्रमांक २३२५. फॉन्ट कोणताही असो, तो बदलत नाही. जोडाक्षरे सुट्या क्रमांकांतून घडतात. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष असे तीन क्रमांक. बॅकस्पेस दाबल्यावर 'क्ष' नाहीसा न होता 'क्' उरतो, तो यामुळे. तो बिघाड नव्हे. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरकही क्रमांकाचा आहे. दुसऱ्या शब्दात 'ऱ' हे वेगळे अक्षर असते. इनस्क्रिप्ट की-बोर्डवर ते शिफ्टसह 'र'ची कळ दाबून मिळते. मराठीला नित्य लागणारा 'ॲ' मात्र युनिकोडमध्ये २००८ मध्ये दाखल झाला, ही दिरंगाई थोडी खटकतेच.

यूटीएफ-८ ही युनिकोडचे क्रमांक साठवण्याची सर्वाधिक प्रचलित पद्धत. तिच्यात इंग्रजी अक्षराला एक, तर देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात. मोबाइलच्या एसएमएसची पद्धत निराळी. त्यात १४० बाइटच मावतात; इंग्रजीची त्यात १६० अक्षरे बसतात, मराठीची ७० आणि त्यातही काना, मात्रा व हलन्त स्वतंत्र मोजले जातात. 'नमस्कार' लिहिताच सात जागा खर्च होतात.

लक्षणे आणि उपाय

फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांचा गुंता दिसत असेल, तर मजकूर बहुधा जुन्या फॉन्टमधला असतो आणि तो वाचवता येतो. रिकाम्या चौकटी दिसत असतील, तर मजकूर सुखरूप असून त्या अक्षरांची चित्रे असलेला फॉन्ट तेवढा संगणकावर नाही, असे समजावे. ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हांच्या असतील, तर चिंतेचे कारण आहे. चुकीच्या एन्कोडिंगमध्ये फाइल साठवल्यामुळे मूळ अक्षरेच गेलेली असू शकतात. अशा वेळी जुनी प्रत शोधणे, हाच मार्ग.

पहिल्या प्रकारात प्रथम फॉन्टचे नाव शोधावे. वर्डमध्ये मजकूर निवडला, की तो फॉन्ट संगणकावर नसला तरी त्याचे नाव वरच्या पट्टीत दिसते. मग त्या फॉन्टसाठीच्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. मूळ फाइलला हात न लावता तिच्या प्रतीवर काम करावे. पीडीएफ करून ठेवल्याने अक्षरांचे रूप टिकते. पण जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही आणि तिथून उचललेला मजकूर पुन्हा गुंताच ठरतो.

कन्व्हर्टरच्या चुका बहुधा रफार, जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटीत होतात, कारण जुन्या फॉन्टमध्ये ही वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जात असे. मृत्युपत्रे व करारनामे यांतील नावे आणि रकमा त्यामुळे छापील प्रतीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहाव्यात.