गावाच्या क्रमांकाची कुळकथा

जनगणनेच्या तक्त्यात गाव ठरते ते शिवेवरून, घरांवरून नव्हे. गावठाण, शेती, गायरान, ओढे आणि शिवारात विखुरलेल्या वाड्या मिळून जे एक महसुली गाव होते, त्याला एक क्रमांक. हा क्रमांक जनगणनेने दिलेला असला, तरी त्याचे मूळ शेतसाऱ्याच्या दप्तरात आहे.

मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून जमिनीची नवी मोजणी सुरू केली. या पद्धतीत शेतांना सर्व्हे नंबर पडले, हद्दीवर दगड रोवले गेले, गावोगावचे नकाशे तयार झाले. पुढे 1872ची खानेसुमारी प्रांतोप्रांती निरनिराळ्या वेळी झाली आणि 17 फेब्रुवारी 1881 रोजी ती प्रथमच देशभर एकाच वेळी घेण्यात आली. माणसे मोजायची तर आधी गावांची पक्की यादी हवी. ती महसूल खात्याकडे तयार होती आणि हद्दीची माहिती पाटील-कुलकर्ण्यांना होती. साहजिकच साऱ्यासाठी आखलेले गाव हेच शिरगणतीचेही गाव ठरले.

नुसत्या नावाने गाव सापडत नाही. वडगाव, पिंपळगाव, पिंपरी जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. बुद्रुक, खुर्द, तर्फ अमुक अशा जोडण्या आसपासच्या लोकांना पुरत. देशभराच्या तक्त्याला त्या पुरेनात. 1951पासून जिल्हा जनगणना पुस्तिका निघू लागल्या. गावांना क्रमांक होते, पण ते तालुक्यापुरते. पुढच्या तालुक्यात पुन्हा एकपासून सुरुवात. तालुक्याची फेररचना झाली की जुन्या आणि नव्या जनगणनेतले तेच गाव जुळवताना दमछाक होई. 2001मध्ये कायम स्थल-संकेतांक आला. 2011मध्ये तो सुटसुटीत झाला: प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक, देशात दुसऱ्या कोणत्याही गावाला नसलेला. महाराष्ट्राचा राज्य संकेतांक 27; जिल्ह्यांनाही 1 ते 640 असे देशभर सलग क्रमांक मिळाले.

याच व्यवस्थेत एक मोठी विसंगती आहे. माणसे उठून गेलेल्या गावाला दप्तरात बेचिराग म्हणतात. तिथे दिवा लावणारे कोणी नसले, तरी शीव शाबूत असते, म्हणून क्रमांकही राहतो. 2011मध्ये देशातल्या सुमारे 6 लाख 40 हजार गावांपैकी 43 हजारांहून अधिक अशी निर्जन होती. उलट कोकणातली वाडी, सातपुड्यातला पाडा, बंजारा तांडा माणसांनी भरलेला असला, तरी मूळ गावाच्या क्रमांकाखाली झाकला जातो.

प्रगणक तिथे पोहोचतो. नजरी नकाशात वाट, विहीर, देऊळ दाखवतो, घरांवर क्रमांक घालतो, माणसे मोजतो. छापील गावतक्त्यात मात्र ही सारी संख्या मूळ गावाच्या एकाच ओळीत मिसळते. गावठाणात शाळा असली की तक्ता गावात शाळा असल्याचे सांगतो. ओढ्यापलीकडच्या पाड्यावरून तिथवर किती चालावे लागते, हे त्यातून कळत नाही. सोयींपासून सर्वांत दूर असलेली वस्तीच अशी नजरेआड होते, हा या पद्धतीचा खरा दोष आहे.

वाडीला स्वतःची ओळ हवी असेल, तर तिला आधी महसुली गाव व्हावे लागते. महाराष्ट्रात 1966च्या जमीन महसूल संहितेनुसार तो अधिकार राज्य शासनाचा आहे.