या वयात हे शोभते का?

गाणाऱ्याने कोठे थांबावे हे ठरविण्याचा अधिकार आपल्याकडे ऐकणाऱ्याने फार पूर्वीच आपल्या हाती घेतला आहे. नाटकगृहात ‘वन्समोअर’ची आरोळी ठोकणारा तोच, आणि वीस वर्षांनी त्याच गायकाविषयी ‘आता पूर्वीचे राहिले नाही हो’ म्हणून मान हलविणाराही तोच. यात दुष्टावा असतो असे मी म्हणणार नाही. पेढीवर ठेव ठेवावी तशी ऐकणाऱ्याने आपल्या तारुण्याची काही वर्षे त्या आवाजापाशी ठेवलेली असतात. गायक म्हातारा झाला की आपली ठेव बुडाली असे त्याला वाटते, आणि तो चिडतो.

आशा भोसले यांच्या ‘जानम समझा करो’ या ध्वनिफितीच्या वेळी ही चीड मी जवळून पाहिली. साल १९९७. आशाताईंचा जन्म ८ सप्टेंबर १९३३ चा, म्हणजे त्या तेव्हा चौसष्टीच्या घरात. संगीतकार लेस्ली लुईस. जुने नृत्यदिग्दर्शक पी. एल. राज यांचा हा मुलगा, आणि आदल्याच वर्षी हरिहरन यांच्याबरोबर ‘कलोनिअल कझिन्स’ या नावाने त्याने मोठा गाजावाजा मिळविला होता. ही गाणी सिनेमाची नव्हती. गिटार, ढोलताशासारखा घुमणारा विलायती ठेका, आणि दूरचित्रवाणीच्या नव्या वाहिन्यांवर दिवसरात्र दाखविण्यासाठी केलेली चित्रफीत, असा सारा नव्या जमान्याचा थाट. तरुण मुलांनी ही ध्वनिफीत उचलून धरली, एमटीव्हीने तिला पुरस्कार दिला.

मी मॅट्रिकच्या परीक्षेला बसलो ते हेच वर्ष. आमच्या घरी मामा आले होते. मामांचा जुन्या तबकड्यांचा संग्रह नात्यागोत्यात प्रसिद्ध; मंगेशकर कुटुंबाविषयी बोलताना ते आवाज खाली आणीत. शेजारच्या मुलाने आणलेली ती कॅसेट दोन मिनिटे ऐकून त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. “दीनानाथांची मुलगी ही! या वयात हे शोभतं का?” कोणी काही बोलले नाही. मामांसमोर बोलायची रीत नव्हती. आजी तेवढी स्वयंपाकघरातून म्हणाली, “वय झालं म्हणून बाईनं काय फक्त हरिपाठच म्हणायचा का रे?” आजी त्या वर्षी पासष्टीची होती. मामा तिचे धाकटे भाऊ. ते हसले, पण कॅसेट बंदच राहिली.

मामांच्या त्या प्रश्नाचा मागोवा घेऊ लागलो तेव्हा ध्यानात आले की, तो प्रश्न आशाताईंना पहिल्यांदा पडला तो चौसष्टाव्या वर्षी नव्हे. चाळीस वर्षे मागे जा. १९५७ साली ‘आशा’ नावाचा चित्रपट आला. त्याचे संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. अमेरिकेत बिल हेली आणि एल्विस प्रेस्ली यांनी ‘रॉक अँड रोल’ नावाचे वादळ उठविले त्याला अजून फारसे दिवस झाले नव्हते. चितळकरांनी ते वादळ ‘ईना मीना डीका’ या गाण्यात धरले. मुलांच्या खेळातल्या अर्थहीन बोलांवरून मुखडा सुचला आणि गोव्याच्या साहाय्यकाने त्यात कोकणीचा एक तुकडा बसविला, असे सांगतात. हे गाणे किशोरकुमारने एकदा गायिले आणि एकदा आशाबाईंनी. चोविशीतली मराठी मुलगी, वडिलांच्या नाट्यपदांवर कान तयार झालेली, आणि गळ्यातून रॉक!

त्या काळचे वातावरणही ध्यानात घ्यायला हवे. माहितीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हेही मराठीच. १९५२ पासून आकाशवाणीवर चित्रपटगीतांना त्यांनी जवळजवळ दारबंदी केली होती. लोक रेडिओ सिलोन ऐकू लागले, तेव्हा कोठे १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली. तेव्हा शिष्ट घरांतून आशाबाईंच्या अशा गाण्यांविषयी विचारीत, ‘याला काय गाणं म्हणायचं?’ पुढे १९६६ साली ‘तीसरी मंझिल’मध्ये राहुलदेव बर्मन यांनी त्यांच्याकडून धापा टाकीत गावी लागतील अशी गाणी गाऊन घेतली. त्यातल्या एका गाण्याच्या श्वासांची त्यांनी दहा दिवस तयारी केली होती. मग १९७१ चे ‘दम मारो दम’ आले, आणि शिष्ट घरांच्या खिडक्या पुन्हा लागल्या. तिशीत गाण्याच्या जातीवर आक्षेप, साठीत गाणारीच्या वयावर. आक्षेप घेणारे घर मात्र बहुधा एकच! आणि मौज अशी की, मामांच्या संग्रहात ‘तीसरी मंझिल’ची तबकडी होती. तीस वर्षांत ती ‘जुनी’ झाली होती, आणि जुने ते सोवळे.

आता वयाचाच मुद्दा घेऊ. बालगंधर्व साठीच्या आगेमागेही शालू नेसून रंगभूमीवर उभे राहात होते. अंग स्थूल झालेले, हालचाली मंद झालेल्या, आणि भूमिका वीस वर्षांच्या नायिकेची. प्रेक्षकांना हे दिसत नव्हते थोडेच? पण ते डोळे मिटून घेत आणि एखादी जागा पूर्वीसारखी आली की गहिवरत. १९५५ मध्ये त्यांना राष्ट्रपतींचे पदक मिळाले, १९६४ मध्ये पद्मभूषण. वृद्ध पुरुषाने तरुण स्त्री होणे आपल्याला चालले, नव्हे, त्यावर आपण अश्रू ढाळले. वृद्ध स्त्रीने तरुण स्त्रीचे गाणे म्हणताच मात्र आपल्याला वय आठवले. दोन्ही बाबतींत कान तेच होते, हे मला विसरता येत नाही.

दुसरी वाट केसरबाई केरकरांची. सत्तरी ओलांडली, आवाज आपल्या मनासारखा राहात नाही असे दिसताच त्यांनी जाहीर गाणे थांबविले. त्या निर्णयाला आपण आजही हात जोडतो, आणि जोडावेतच. पण तो निर्णय केसरबाईंचा स्वतःचा होता. श्रोत्यांनी त्यांना घरी बसविले नव्हते.

मामांसारख्या श्रोत्यांना आशाताईंकडून हवे तरी काय होते? विचाराल तर ते सांगत: आता बाईंनी शांतपणे बसून रागदारी गावी, जुन्या चिजा गाव्यात, वडिलांचे नाव राखावे. आणि ही खरी गंमत आहे, कारण हे सारे त्यांनी नुकतेच केले होते! ‘जानम’च्या आदल्याच वर्षी, १९९६ मध्ये, ‘लेगसी’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. मैहर घराण्याचे उस्ताद अली अकबर खाँ तेव्हा कॅलिफोर्नियात सॅन राफेल येथे आपले संगीत महाविद्यालय चालवीत होते. साठी ओलांडलेल्या आशाताई तेथे गेल्या, शिष्येसारख्या त्यांच्यापुढे बसल्या आणि सोळाव्या ते अठराव्या शतकांतल्या परंपरेतल्या अकरा बंदिशी शिकून गायल्या. वडील अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडून आलेले धन उस्तादांनी त्यात मोकळे केले होते. १९९७ च्या ग्रॅमी पुरस्कारासाठी तिचे नामांकन झाले.

आमच्या नात्यात, शेजारात, शाळेत मला ही ध्वनिमुद्रिका विकत घेतलेला एकही माणूस तेव्हा आढळला नाही. मामांनीही ती घेतली नव्हती. मी स्वतः ती ऐकली ती शिक्षक झाल्यावर, एका स्नेह्याकडून मागून आणून. ऐकताना आवाजाचे वय लपत नाही. तारसप्तकात तो थोडा पातळ होतो, खालच्या स्वरांत मात्र पूर्वी नव्हते असे एक वजन आले आहे. शब्द कोठे सोडायचा, श्वास कोठे चोरायचा, हे ज्ञान पन्नास वर्षांच्या कष्टांचे. आणि हेच सारे ‘जानम’मध्येही आहे. एका कानाने ‘लेगसी’ ऐकावी आणि दुसऱ्याने ‘जानम’, म्हणजे एकच बाई दोन्हीकडे तितक्याच इमानाने गाते आहे हे कळते. मात्र ती दोन्ही ऐकायला एकच घर तयार नव्हते.

ऐकणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९५७ साली सारा वाद्यवृंद आणि गायक एकाच वेळी मुद्रित होत. वाद्यांच्या गर्दीतून आवाज वाट काढीत येई, आणि एक जण चुकला की सगळ्यांना पुन्हा गावे लागे. १९९७ च्या सुमारास वाद्ये आधी मुद्रित करून ठेवीत, गायक कानाला श्रवणयंत्रे लावून एकटा गाई, आणि त्याचा आवाज अगदी पुढे आणून ठेवीत. त्यामुळे श्वासाचा प्रत्येक खरखरीत काठ कानाला लागे. वाढलेल्या वयाची जाणीव थोडी या यंत्रांनीही करून दिली.

शिवाय म्हातारपणीचे सगळेच चांगले असे म्हणण्याइतका मी भक्त नाही. पंचमदांच्या निधनानंतर त्यांच्या जुन्या गाण्यांना नव्या ठेक्यात बसविण्याचा जो उद्योग ‘राहुल अँड आय’मध्ये झाला तो मला रुचला नाही; जुन्या वाड्याला प्लास्टिकचे दार लावल्यासारखे ते वाटते. २००६ मध्ये क्रिकेटपटू ब्रेट ली याच्याबरोबर गायिलेले गाणे गोड गंमत म्हणून ऐकावे आणि सोडून द्यावे. पण तरुण गायकाची चार गाणी फसली तर आपण त्याला ‘पुढच्या वेळी जमेल’ म्हणतो. वृद्धाला तीच चूक महागात पडते.

पंचमदांचीच गाणी २००५ साली पुन्हा एकदा मुद्रित झाली, आणि या वेळी निराळाच प्रकार घडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘क्रोनोस क्वार्टेट’ या चौघा तंतुवादकांनी आशाताईंना बरोबर घेतले; तबल्यावर झाकिर हुसेन, चिनी पिपावर वू मान. संच ‘यू हॅव स्टोलन माय हार्ट’ या नावाने निघाला. बाई तेव्हा बहात्तरीच्या उंबरठ्यावर होत्या आणि दिवसाला तीन-तीन, चार-चार गाणी मुद्रित करून मोकळ्या होत. सोबतचे वादक थक्क झाले. व्हायोलिन आणि चेलोच्या मधून तो पिकलेला आवाज येतो तेव्हा तो तरुण असल्याचा आव आणीत नाही. याही संचाला ग्रॅमीचे नामांकन लाभले. त्याआधी, १९९८ च्या फेब्रुवारीत, ‘कॉर्नरशॉप’ या इंग्लंडातल्या वाद्यवृंदाने आशाताईंवर रचलेले एक गाणे, नवा ठेका चढवून, तिथल्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले होते. मामांना मी ते सांगितले. ते म्हणाले, “इंग्रजांना काय कळतं?” पण वर्तमानपत्रातले ते कात्रण त्यांनी कापून ठेवले, हे मला मामींकडून समजले.

मी आता नवीन पनवेलला लागून असलेल्या सिडकोच्या खांदा कॉलनीत राहतो. लालबाग-परळच्या चाळी सोडून आलेली अनेक कुटुंबे इथे आहेत, आणि गणपतीत मंडपात जो ऑर्केस्ट्रा होतो त्यात ‘जुनी अवीट गाणी’ म्हणून ‘जानम’मधलेही एखादे गाणे वाजते. चाळिशीतले बाप त्यावर ठेका धरतात आणि मुलांच्या हल्लीच्या गाण्यांविषयी नाके मुरडतात. ती ध्वनिफीतही आता सोवळ्यात गेली म्हणायची.

२०२४ च्या डिसेंबरअखेर दुबईच्या रंगमंचावर एक्क्याण्णव वर्षांच्या आशाताईंनी करण औजला या तरुण पंजाबी गायकाचे त्याच वर्षी गाजलेले गाणे गायिले आणि त्याच्या नाचाचा एक ठेकाही धरला. दुसऱ्या दिवशी ती चित्रफीत हातोहाती फिरत आमच्या शिक्षकांच्या खोलीतही पोहोचली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेले एक गुरुजी ती पाहून म्हणाले, “गाणं ठीक आहे हो सर, पण या वयात...” पलीकडे वह्या तपासत बसलेल्या, निवृत्तीला आलेल्या बाईंनी मान वर न करताच सांगितले, “आवाज जरा मोठा करा. मला इकडे ऐकू येत नाही.”