एका दिव्याचे घर

डिसेंबर महिन्यात वसईच्या किनाऱ्यावर सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास समुद्रात उतरतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास पुन्हा दर्शन देतो. म्हणजे रात्र सुमारे तेरा तासांची! या दीर्घ रात्रीचे काय करावे, हा प्रश्न आज आपणांस पडत नाही, कारण भिंतीवरील बटण दाबताच घरात दिवस उजाडतो. आपल्या पूर्वजांना मात्र हा प्रश्न रोज पडत असे, आणि त्याचे उत्तर त्यांनी दिव्याभोवती बसून शोधले. इतिहासकार तह आणि लढाया लिहितात. दिव्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. परंतु आपल्या कौटुंबिक प्रार्थनेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो दिव्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येणार नाही.

ही गोष्ट केवळ आपल्या वसईची नव्हे. ख्रिस्तसभेची सायंप्रार्थनाच मुळी दिवे लावण्याच्या वेळेतून उगवली आहे. शब्बाथाच्या पूर्वसंध्येला दिवा लावण्याचा मान यहुदी घरांत गृहिणीचा असे. आद्य ख्रिस्ती लोकांनीही दिवेलागणीची वेळ प्रार्थनेची मानली. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमला गेलेल्या एजेरिया नावाच्या यात्रेकरू स्त्रीने तेथील सायंप्रार्थनेचे वर्णन लिहून ठेवले आहे. प्रभूच्या कबरीच्या गुहेत अहोरात्र एक दिवा तेवत असे. त्यावरून ज्योत बाहेर आणली जाई आणि तिने मंदिरातील सारे दिवे उजळले जात. त्याच शतकातील संत बेसिल दिवेलागणीच्या एका स्तुतिगीताचा उल्लेख करतात. ते त्यांच्याही काळी इतके जुने होते की, ते कोणी रचले हे त्यांना सांगता येत नव्हते. आपल्या शेजारच्या हिंदू घरातही दिवा लागला की हात जोडले जात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अंधारातून उजेडात येताना मनुष्याला देव आठवावा, हे स्वाभाविकच होय.

मध्ययुगात या वेळेला घंटेचा आवाज मिळाला. युरोपातील गावांमध्ये रात्री चूल झाकण्याची सूचना देण्यासाठी घंटा वाजत असे. घरे लाकडाची, छपरे गवताची. एखादी ठिणगी उडाली तर अख्खे गाव भस्म होण्याची भीती. सायंकाळच्या अशाच घंटानादाबरोबर तीन वेळा ‘नमो मरिया’ म्हणण्याची प्रथा पडली आणि 1318 साली पोप बाविसावे जॉन यांनी तिला मान्यता दिली. आपल्या दूतसंदेश प्रार्थनेचे मूळ या सायंकाळच्या घंटेत आहे. दुपारची घंटा पुढे पंधराव्या शतकातली.

1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि मिशनरींबरोबर ही घंटाही आपल्या किनाऱ्यावर आली. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर येथील अनेक चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला त्या आजही दाखवल्या जातात. पोर्तुगीज सत्तेबरोबर बहुतेक युरोपीय मिशनरी निघून गेले आणि थोड्या एतद्देशीय धर्मगुरूंवर मोठा भार पडला. परंतु घरातली सायंप्रार्थना काही कोणी उचलून नेऊ शकत नव्हते. तिला मनोरा लागत नाही. एक दिवा पुरतो.

आणि दिवा खरोखर एकच असे. याचे कारण भक्ती नव्हे, तेलाची किंमत! कोकण किनाऱ्यावर उंडीचे आणि करंजाचे तेल दिव्यासाठी वापरीत. खोबरेल त्याहून मोलाचे, कारण त्यावर स्वयंपाकाचा आणि केसांचाही हक्क असे. दहा कुमारिकांचा दाखला आपण आज रूपक म्हणून ऐकतो. आपल्या पणज्यांना त्याचा अर्थ कोणी उलगडून सांगावा लागला नसेल. तेल मध्यरात्री संपले तर काय होते, हे त्यांना ठाऊक होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेल आले. त्याला आपल्या लोकांनी घासलेट म्हटले, रॉकेल म्हटले. त्याच्याबरोबर पत्र्याची चिमणी आली, काचेचा कंदील आला, लग्नसमारंभासाठी पेट्रोमॅक्सची बत्ती आली. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत 1916 साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्रात घरोघरी पोचला. तरीही तेल विकतचेच होते. म्हणून चूल विझली की स्वयंपाकघरातली चिमणी मंद करावयाची आणि माजघरातल्या कंदिलापाशी सर्वांनी यावयाचे, हा नियम कायम राहिला.

त्या प्रकाशाच्या वर्तुळात काय काय चाले, ते आठवून पाहावे. आजोबा दुसऱ्या दिवशी पहाटे मुंबईला पाठवायच्या विड्याच्या पानांच्या कवळ्या रचीत असत. आई मुलांच्या फाटक्या कपड्यांना टाके घाली. एका कोपऱ्यात पाढे म्हटले जात. घंटा झाली की हातातली कामे थांबत आणि वेदीसमोर सारे गुडघे टेकीत. रोजरीची पाचही रहस्ये होईपर्यंत लहानग्यांचे डोळे मिटू लागत. मग लुतानिया, मृतांसाठी प्रार्थना, आणि शेवटी थोरामोठ्यांचे आशीर्वाद. जेवणानंतर आजीच्या गोष्टी. कोणाचे बावखल कोणी खणले, प्लेगच्या साथीत कोण गेले, कोणत्या आजोळची कोण, हे सारे मुलांना पुस्तकातून नव्हे, तर या काळोखातून कळत असे.

परंतु त्या काळाचे गोडवे गाताना सत्य झाकू नये. चिमणीच्या काजळीने नाकपुड्या काळ्या होत, डोळे चुरचुरत. कलंडलेल्या दिव्याने भाजलेल्या स्त्रिया आणि मुले किती असतील, याची मोजदाद कोणी ठेवली नाही. रात्री अंगणात साप चावला तर काय चावले हेही दिसत नसे. बाळंतिणीची घटका भरे ती कंदिलाच्या उजेडात. परीक्षेच्या दिवसांत एका दिव्यावर चार भावंडांचा हक्क असे, आणि त्यात मुलीचा क्रमांक बहुधा शेवटचा लागे. ज्यांनी तो अंधार सोसला त्यांनी विजेचे स्वागत आनंदाने केले, ते योग्यच केले.

हा अंधार किती खोल होऊ शकतो, हे युद्धाने दाखविले. 1942 च्या मार्च महिन्यात रंगून पडले, एप्रिलमध्ये ब्रह्मदेशातील तेलविहिरी निकामी करण्यात आल्या, आणि भारताला मिळणाऱ्या रॉकेलचा एक मोठा स्रोत आटला. दूरवरच्या त्या घटनेने आपल्या खेड्यांतले कंदील मंदावले. रॉकेलसाठी माणसे रांगेत उभी राहिली. पुढे 1971 च्या डिसेंबरात वीज असूनही दिवे झाकावे लागले. 3 डिसेंबरला पाकिस्तानशी युद्ध पेटले आणि मुंबई परिसरात काळोखबंदी आली. खिडक्यांच्या काचांवर काळे कागद लागले, मोटारींचे दिवे अर्धे रंगवले गेले. तो आगमनकाळ होता. 17 डिसेंबरला शस्त्रसंधी झाली आणि नाताळच्या तारका उजळायला आठ दिवस उरले होते.

वीज आली ती टप्प्याटप्प्याने. 1915 साली खोपोलीच्या टाटा जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. 1936 साली विजेची आगगाडी विरारपर्यंत धावू लागली. परंतु रुळांवरून जाणारी वीज वाड्यांतल्या बहुतेक घरांत शिरायला आणखी काही दशके जावी लागली. 1960 साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि खेडोपाडी खांब उभे राहू लागले. विहिरीवरचा रहाट थांबला, बैल सुटले, पंप सुरू झाले. घरात प्रत्येक खोलीला स्वतंत्र दिवा मिळाला. 1972 साली मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, आणि काही वर्षांत आपल्या ओटीवर नवे वर्तुळ तयार झाले. त्याचा मध्य मात्र वेदी नव्हता. आज तेही वर्तुळ उरलेले नाही. प्रत्येकाच्या हातात स्वतःचा लहानसा उजेड आहे आणि प्रत्येक जण त्यात एकटा आहे.

यावरून ‘विजेने प्रार्थना घालविली’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो न्याय्य नाही. 2005 नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने आपणांस तासन्तास अंधारात बसविले. तेव्हा घरातील मंडळी ओटीवर येत, क्षणभर गप्पाही रंगत. पण दिवे येताच ज्याने त्याने आपली खोली गाठली. अंधार माणसांना जवळ बसवू शकतो. त्यांना एकत्र ठेवू शकत नाही. आपल्या पूर्वजांना कंदिलाने एकत्र आणले, हे खरे. परंतु आणल्यावर त्या बैठकीची प्रार्थना झाली ती कोणीतरी, बहुधा घरातल्या आजीने, रोज न चुकता पहिला ‘हे आमच्या बापा’ सुरू केला म्हणून. तेलाच्या टंचाईने वर्तुळ आखले. ते श्रद्धेने भरले.

आज टंचाईचा आधार गेला आहे. म्हणजे जे पूर्वी परिस्थितीने घडत होते ते आता इच्छेने घडवावे लागेल. हे अधिक कठीण आहे. पण स्वेच्छेने दिलेल्या तासाचे मोल सक्तीच्या तासाहून कमी कसे असेल?

आगमनकाळात आपल्या वेदीपाशी जे मेणबत्त्यांचे वर्तुळ आपण ठेवतो, त्याचा इतिहास येथे उद्बोधक ठरावा. 1839 साली हॅम्बुर्ग येथे योहान विखर्न या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने आपल्या आश्रमातील गरीब मुलांसाठी गाडीच्या एका जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. ‘नाताळ कधी येणार?’ असे मुले रोज विचारीत. तेव्हा रोज एक मेणबत्ती अधिक लावून त्याने त्यांना वाट पाहणे शिकविले. कॅथलिक घरांनी ही प्रथा पुढे आपलीशी केली.

आपल्या कुटुंबांनीही येत्या आगमनकाळात आठवड्यातून एक सायंकाळ अशी ठेवावी. आजारी माणसाच्या खोलीतला दिवा राहू द्यावा, अभ्यास असलेल्या मुलाला त्याचा उजेड द्यावा. दया प्रथम, नियम नंतर. बाकी घरातील दिवे, दूरदर्शन संच आणि फोन तासभर बंद करावेत. वेदीसमोर एक मेणबत्ती लावावी, रोजरी म्हणावी आणि नंतर लगेच उठू नये. घरातल्या सर्वांत वडील व्यक्तीला विचारावे, ‘तुमच्या लहानपणी या वेळी घरात काय चाले?’ ज्यांनी कंदिलाची काच राखेने पुसली आहे अशी माणसे आपल्यात अजून आहेत. त्यांची संख्या दर नाताळला कमी होत आहे. आपला इतिहास त्यांच्यापाशी आहे, आणि तो ऐकण्यासाठी एक सायंकाळ पुरेशी आहे.