माणुसकी कोण सोडतो? कोन आणि महाड

जुलै २०२० मध्ये पनवेलजवळच्या कोन येथील कोरोना विलगीकरण केंद्रात एका महिलेवर अत्याचार झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदली गेली. अशा वेळी हमखास ऐकू येतं की, माणूस समाजापासून तोडला की जनावर होतो. आम्हाला हे मान्य नाही. अशा केंद्रात माणूस दहा-चौदा दिवस राहतो. बाईकडे पाहण्याची नजर तेवढ्यात घडत नाही, तो ती बाहेरूनच घेऊन येतो.

आणि तोडलेपणाच मोजायचा, तर याच जिल्ह्यातलं महाड पाहा. तेव्हा हा कुलाबा जिल्हा. पिढ्यानपिढ्या गावकुसाबाहेर ठेवलेली आमची माणसं २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांसोबत चवदार तळ्याचं पाणी प्याली. हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि जमाव लाठ्या घेऊन परिषदेच्या लोकांवर तुटून पडला. त्या लोकांत लष्करातून निवृत्त झालेले महार सैनिकही होते. उलट हात उचलणं त्यांना अवघड नव्हतं. बाबासाहेबांनी शांत राहायला सांगितलं, ते राहिले. गावातल्या 'सुसंस्कृत' मंडळींनी मात्र शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं! डिसेंबरात कोर्टाचा मनाईहुकूम आला, तोही आमच्याच लोकांनी पाळला.

रायगडात गावकीने कुटुंबं वाळीत टाकण्याची प्रकरणं त्यानंतरही होत राहिली. अखेर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. त्यात तीन वर्षांपर्यंतची कैद आहे, वाळीत टाकणाऱ्याला.