शुद्ध असेपर्यंतची मुखत्यारी

माझ्या मैत्रिणीचा स्टार्टअप आहे. दुसरी संचालक तिची आई, नावापुरती. कोड मी लिहितो, सह्या ती करते. उद्या ती अंथरुणाला खिळली तर पगार आणि सर्व्हरचं बिल अडू नये, म्हणून तिने मला मुखत्यार नेमायचं ठरवलं. मसुदा वाचताना मी थेट 1872 मध्ये पोचलो.

त्या वर्षीच्या भारतीय करार कायद्याचं कलम 201 म्हणतं, नेमणारा वारला किंवा त्याचं मन ताळ्यावर राहिलं नाही, की मुखत्यारी संपली. 1882 च्या मुखत्यारपत्र कायद्याने हे ठाऊक नसताना प्रामाणिकपणे व्यवहार करणाऱ्या मुखत्याराला संरक्षण दिलं, पण मूळ नियम तसाच राहिला. म्हणजे खरी गरज पडते तेव्हाच कागद निकामी.

इंग्लंडमध्येही हाच नियम होता. 1985 मध्ये त्यांनी कायदा करून क्षमता गेल्यावरही टिकणारी मुखत्यारी आणली. आपल्याकडे कोमातल्या माणसाचे नातेवाईक आजही पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जातात.

शिवाय 2013 च्या कंपनी कायद्यानुसार संचालकपद दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

मग आम्ही वाट बदलली. तिचं मुखत्यारपत्र फक्त प्रवासापुरतं. बँकेतल्या सहीचा अधिकार मला संचालक मंडळाच्या ठरावाने, म्हणजे कंपनीने दिला. तिचे शेअर तरीही अडकतील. पण पगार होतील. कायद्याच्या नजरेत कंपनी वेगळी व्यक्ती आहे, आणि ती बेशुद्ध पडत नाही.