माझगावची एलायझा : आजोळ, सासर आणि राजाचं जहाज

मुंबईतल्या इंग्रजांचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर गव्हर्नरांची यादी येते. कोण कधी आला, कोणता किल्ला घेतला, कोणता तह केला. आज आपण या यादीत नसलेल्या एका बाईकडे पाहणार आहोत. एलायझा ड्रेपर तिचं नाव. जन्म १७४४, मृत्यू १७७८. म्हणजे उणंपुरं चौतीस वर्षांचं आयुष्य, आणि त्यातला मोठा भाग आपल्या या मुंबईत गेलेला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू. तिला 'लेडी' हा किताब नव्हता. अठराव्या शतकात मुंबईला येणारे बहुतेक इंग्रज हे काही सरदारपुत्र नव्हते. ती मधल्या थरातली, कंपनीच्या नोकरीवर वर चढू पाहणारी घराणी होती. पण इथे, या बेटावर, त्यांचा थाट मात्र खानदानी. नोकरचाकर, पालख्या, मेजवान्या, आणि मुख्य म्हणजे सोयरिकी. कंपनी ही कागदावर व्यापारी संस्था होती. आतून पाहिलं तर ती सोयऱ्याधायऱ्यांचं जाळं होती. एलायझाचं आयुष्य समजून घ्यायचं तर हे जाळं आधी उलगडायला हवं.

तिचा जन्म केरळच्या किनाऱ्यावरच्या अंजेंगो इथला, ५ एप्रिल १७४४चा. वडील मे स्क्लेटर कंपनीच्या नोकरीत. आई ज्युडिथ ही चार्ल्स व्हाइटहिलची मुलगी, आणि हा व्हाइटहिल अंजेंगोच्या वखारीचा एके काळचा प्रमुख. आईवडील दोघंही लवकर गेले. मेरी, एलायझा आणि लुइझा या बहिणी पोरक्या झाल्या आणि त्यांचा भार आला आजोळावर. आपल्याकडे आईवडील नसलेलं पोर आजोळी वाढतं, तसंच हे. एलायझाला शिकायला विलायतेला पाठवलं आणि १७५७च्या अखेरीस ती मुंबईला आजोबांच्या घरी परत आली. तेरा वर्षांची.

पुढे काय झालं असेल? स्थळ पाहिलं गेलं. २८ जुलै १७५८ रोजी तिचं लग्न डॅनियल ड्रेपर या कंपनीच्या अधिकाऱ्याशी झालं. ती चौदाची, तो तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. आपल्याकडच्या बालविवाहांबद्दल इंग्रजांनी पुढे पुष्कळ लिहिलं. पण त्याच मुंबईत, त्यांच्याच घरांत काय चाललं होतं तेही आपण पाहिलं पाहिजे. थोरली बहीण मेरी हिचं लग्न रॉसन हार्ट बॉडमशी झालं. हा बॉडम पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला. मेरी मात्र ते पाहायला उरली नाही, ती तरुणपणीच वारली. थोडक्यात, आजोबा कंपनीचे, नवरा कंपनीचा, मेव्हणा कंपनीचा. या बेटावर तिला ओळखणारा प्रत्येक मोठा माणूस एक तर नातेवाईक, नाहीतर नवऱ्याचा सहकारी.

दोन मुलं झाली, एक मुलगा आणि एक मुलगी. १७६५ साली ड्रेपर दांपत्य मुलांना घेऊन विलायतेला गेलं. मुलं तिकडे ठेवायची आणि आईबापांनी इकडे परतायचं, हा त्या काळच्या इंग्रज घरांचा शिरस्ता. तिकडे असताना लंडनमध्ये तिची एका घरी ये-जा सुरू झाली. ते घर होतं कमोडोर विल्यम जेम्सचं. हे नाव आपल्या कोकणाच्या इतिहासात येतं. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज तुळाजी आंग्र्यांविरुद्ध एक झाले, तेव्हा हर्णैचा सुवर्णदुर्ग घेणारा जेम्स तो हाच. तो वारल्यावर त्याच्या बायकोनं, ॲननं, लंडनजवळच्या टेकडीवर १७८४ साली त्याच्या स्मरणार्थ एक मनोरा बांधला. त्याला नाव दिलं सुवर्णदुर्गाचंच, अर्थात इंग्रजी उच्चारातलं. तो आजही उभा आहे. तर ही ॲन जेम्स म्हणजे एलायझाची जिवाभावाची मैत्रीण.

याच घरी जानेवारी १७६७मध्ये एलायझाची भेट लॉरेन्स स्टर्नशी झाली. 'ट्रिस्ट्रम शँडी' लिहिणारा हा गाजलेला लेखक, पेशानं पाद्री, वय त्रेपन्न, विवाहित आणि क्षयानं पोखरलेला. तो तिच्या नादी लागला. एप्रिलमध्ये ती जहाजानं परत निघाली तेव्हा त्यानं तिच्यासाठी रोजनिशी लिहायला घेतली. वर्षभरात, मार्च १७६८मध्ये तो वारला. १७७३ साली त्याची तिला लिहिलेली पत्रं छापून आली आणि 'स्टर्नची एलायझा' युरोपभर माहीत झाली. फ्रेंच लेखक रेनाल यानं तर आपल्या ग्रंथात अंजेंगोचं महत्त्व एवढंच मानलं, की तिथे एलायझा जन्मली.

आता गंमत पाहा. तिनं स्टर्नला लिहिलेलं एकही पत्र आज उरलेलं नाही. १७७५ साली 'एलायझाची पत्रं' म्हणून जे पुस्तक बाजारात आलं ते बनावट होतं, दुसऱ्याच एका लेखकानं लिहिलेलं. म्हणजे जगाला माहीत झालेली एलायझा एक तर स्टर्नच्या कल्पनेतली, नाहीतर बाजारानं बनवलेली. खरी एलायझा वेगळीकडे आहे : तिनं चुलतभाऊ थॉमस मॅथ्यू स्क्लेटर आणि मैत्रीण ॲन जेम्स यांना लिहिलेल्या पत्रांत.

ही पत्रं वाचताना आपण सावरून बसतो. १७६९ साली तिचा मुलगा विलायतेत वारला. ही बातमी समुद्र ओलांडून यायला महिने लागत. तेलिचेरीला ड्रेपर वखारीचा प्रमुख होता तेव्हा त्याचा हात लिहायला चालेना, म्हणून त्याचा पत्रव्यवहार ती लिहून काढायची. म्हणजे कंपनीचं काम ती करत होती, फक्त पगारपत्रकावर तिचं नाव नव्हतं. आणि १७७२ साली मुंबईहून ॲन जेम्सला लिहिलेल्या लांबलचक पत्रात ती आपल्या शिक्षणाबद्दल बोलते. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्याला एकाच गोष्टीचं महत्त्व शिकवलं गेलं : लवकरात लवकर पैसेवालं स्थळ गाठायचं. बाकी काही नाही. अठ्ठावीस वर्षांची बाई हे लिहिते आहे. यात नुसती तक्रार नाही. आपल्या घरानं आपल्याला कशासाठी वाढवलं, याचा हिशेब ती मांडते आहे.

तेव्हा ती माझगावला टेकडीवरच्या बेल्व्हेडियर नावाच्या बंगल्यात राहत होती. आजचं माझगाव डोळ्यांसमोरून थोडं बाजूला करा. भराव नव्हता, गोदी नव्हती, समुद्र जवळ होता. वाड्या होत्या आणि माझगावचा आंबा प्रसिद्ध होता. परळच्या वाड्यात, म्हणजे आज जिथे हाफकिन संस्था आहे तिथे, गव्हर्नर हॉर्नबी राहायला गेला होता. पलीकडची साष्टी मराठ्यांकडे होती.

नवरा-बायकोचं पटत नव्हतंच. घरातल्याच एका मोलकरणीशी त्याचे संबंध आहेत, असा तिचा आरोप होता. अशा वेळी बाईनं काय करावं? त्या काळच्या इंग्रजी कायद्यानं लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याची, मुलांवर हक्क बापाचा. पुरता घटस्फोट हवा तर तिकडे पार्लमेंटचा कायदा लागे. इथे दाद मागावी तर ऐकणारे सगळे नवऱ्याच्याच कौन्सिलातले. मराठी मुलखातही काही वेगळा वारा नव्हता. दोनच महिन्यांपूर्वी, नोव्हेंबर १७७२मध्ये, थेऊरला थोरले माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. दोन्हीकडची गोष्ट सारखी आहे असं आम्ही म्हणत नाही. पण नवऱ्यावाचून बाईला जागा कोणती, या प्रश्नाला दोन्हीकडे धड उत्तर नव्हतं, एवढं खरं.

एलायझानं जानेवारी १७७३मधल्या एका रात्री आपलं उत्तर शोधलं. नवऱ्यासाठी पत्र ठेवलं आणि ती घरातून निघून गेली. दोराच्या शिडीनं खिडकीतून उतरली, अशी आख्यायिका आहे. शिडीचं राहू द्या. महत्त्वाचं हे, की ती गेली कुठे. ती गेली सर जॉन क्लार्क या आरमारी अधिकाऱ्याच्या जहाजावर, आणि ते जहाज कंपनीचं नव्हतं, इंग्लंडच्या राजाचं होतं. या बेटावर कंपनीचा हुकूम चालत नव्हता अशी जागा एकच : बंदरात नांगरलेलं राजाचं जहाज. आख्यायिकेत ही प्रेमी जिवांचं पळून जाणं म्हणून येते. आम्हाला त्यात अधिकाराची हद्द नेमकी ओळखणारी बाई दिसते.

आणि तिथून पुढे? ती गेली मच्छलीपट्टणकडे, मामाकडे. थॉमस व्हाइटहिल हा तिच्या आईचा भाऊ. सासरचं दार बंद झालं तेव्हा पुन्हा आजोळच उघडलं. ज्या गोतावळ्यानं तिला चौदाव्या वर्षी उजवून टाकलं, त्याच गोतावळ्यानं तिला एकोणतिसाव्या वर्षी थारा दिला. नातं हे असं दुधारी असतं. ते बांधतं आणि वेळेला तारतंही. पुढे ती विलायतेला परतली आणि ३ ऑगस्ट १७७८ रोजी ब्रिस्टलला वारली. तिथल्या कॅथीड्रलमध्ये तिचं स्मारक आहे, प्रतिभा आणि परोपकार यांच्या दोन मूर्ती असलेलं.

माझगावला तिची काही खूण नाही. बंगला गेला, समुद्र हटला. हार्बर लाइनवर डॉकयार्ड रोडला उतरून जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानात चढून गेलात, तर त्या उंचीचा अंदाज येतो, एवढंच.

पण आपल्याला तिच्याकडून घ्यायचं आहे ते वेगळं. कुणाही जुन्या बाईची गोष्ट कानावर आली, की आधी विचारायचं : ही कुणी लिहिलेली? तिच्यावर भाळलेल्या माणसानं, तिच्या नावावर पुस्तकं खपवणाऱ्यानं, की तिनं स्वतः? एलायझाच्या बाबतीत तिन्ही उपलब्ध आहेत, आणि तिची स्वतःची पत्रं सगळ्यात कमी वाचली गेली. आपल्याकडच्या वाड्यांमधल्या बायकांची पत्रंही दप्तरांत आहेत. तीही त्याच नजरेनं काढून वाचायला हवीत.

इथे थांबू.